इंग्लंडातलं गावचं जुनं चर्च पाहायचं कसं

मेहकर, दर्यापूर, अकोट, दारव्हा, कुठल्याही तालुक्यात चौकशी करा, एखाद्या तरी घरचा पोरगा नाही तर सून इंग्लंडात नोकरीला निघतेच, आणि मग नातवंड झालं की आईबाप सहा महिन्याच्या व्हिसावर तिकडं. पहिला आठवडा कौतुकात जाते. लंडनचा पूल, राजवाडा, एक-दोन मॉल, झालं. मग पोरं आपापल्या कामाला आणि आपण खिडकीतून पाऊस पाहात बसलो. अशा काका-काकूंसाठी हे लिहितो आहे. पोराच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पाच-सातशे वर्षं जुनी, कधी हजार वर्षं जुनी इमारत बहुतेक वेळा असतेच, दिवसा बहुधा उघडी, तिकीट नाही, आणि आत गेलं तर कोणी हटकत नाही. ती म्हणजे त्या गावचं चर्च. चर्च ऑफ इंग्लंडची अशी १६,००० च्या आसपास चर्च आहेत, त्यातली १२,००० पेक्षा जास्त तिथल्या सरकारच्या वारसा यादीत आहेत, म्हणजे शोधायला लांब जायची गरज नाही.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात जन्म काढलेला माणूस. त्यांच्या धर्मातलं मला फार कळत नाही पण भिंत कळते, म्हणून भिंतीपासूनच सांगतो.

सगळ्यात आधी एक सवय सोडा. "हे कोणत्या साली बांधलं?" असं विचारू नका, कारण एक साल नसतेच. भिंत बाराव्या शतकातली, तिच्यात खिडकी चौदाव्यातली, टॉवर पंधराव्यातला, पल्पिट म्हणजे प्रवचनाचा उंच कट्टा सतराव्यातला आणि फरशी १८७० च्या आसपासची, असा सगळा मामला एकाच छताखाली असते. प्रत्येक पिढीनं आपल्या ऐपतीप्रमाणं आणि त्या वेळच्या हुकुमाप्रमाणं काहीतरी जोडलं, काही बुजवलं, काही फोडलं. म्हणून पाहायचे ते सांधे. जिथं दोन दगडकामं जुळत नाहीत, जिथं दार बुजवलेलं दिसते, जिथं जिना वर जाऊन हवेतच संपते, तिथं थांबायचं. जे डोळ्याला खटकते त्याच्यातच गोष्ट सापडते, सरळ आणि नीटनेटकं आहे ते नंतर पाहिलं तरी चालते.

निघताना

एक छोटी टॉर्च घ्या, दुर्बीण असन तर घ्या कारण छतावरचं कोरीवकाम खालून दिसत नाही, आणि स्वेटर उन्हाळ्यातही ठेवा, आतमधे गारठा असते. संडास बहुतेक चर्चमधे नसते, घरूनच जाऊन निघायचं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, ती वेळ टाळा, शनिवारी लग्न लागत असू शकते. चपला-बूट काढायचे नाहीत, पुरुषांनी टोपी काढायची, बस. फोटोला सहसा कोणी अडवत नाही तरी पाटी वाचून घ्या.

दार बंद दिसलं म्हणून परत फिरू नका. जुन्या ओक लाकडाचं जाड दार असते, त्याला हाताएवढी लोखंडी कडी, ती कडी फिरवायची म्हणजे आतला खटका उचलला जाते, मग खांद्यानं ढकला. पुष्कळ लोक नुसतं ओढून पाहतात आणि कुलूप आहे म्हणून निघून जातात. पोर्चला बाहेरून एक तारेच्या जाळीचं दार असते, ते पाखरं आत शिरू नयेत म्हणून, ते मात्र आठवणीनं लावून घ्या. खरंच कुलूप असलं तर पोर्चमधल्या बोर्डावर चावी कोणाकडं आहे ते लिहिलेलं असू शकते. कुलूप लावायचं एक कारण चोर आहेत, तिकडं चर्चच्या छतावरचं शिसं चोरून भंगारात विकायचा धंदा चालते, आपल्याकडं मोटारीची तांब्याची वायर नेतात तसा.

आधी बाहेरून एक फेरा

देवळात आधी प्रदक्षिणा घालत नाही हे माहीत आहे, पण इथं उलटं करा, आधी बाहेरून पूर्ण फेरा मारा. दिशा सांभाळणं सोपं आहे. वेदी पूर्वेला, टॉवर बहुतेक वेळा पश्चिमेला, आत जायचा पोर्च बहुधा दक्षिणेला. आपल्या भाषेत सांगायचं तर लोक जिथं जमतात तो लांबोळका भाग म्हणजे सभामंडप, त्याला ते नेव्ह म्हणतात, आणि पूर्वेचा लहान भाग म्हणजे गाभारा, तो चॅन्सल. नेव्हच्या दोन्ही अंगाला पडवीसारखे भाग असतात ते आइल. एवढे तीन शब्द पुरे आहेत.

हे नेव्ह-चॅन्सलचं गणित लक्षात ठेवा कारण मध्ययुगात नेव्हचा खर्च गावकऱ्यांकडं होता आणि चॅन्सलचा खर्च रेक्टरकडं, म्हणजे जो त्या चर्चचं धान्याचं दशमांश उत्पन्न खायचा त्याच्याकडं. त्यामुळं पैसेवाल्या गावात नेव्ह उंच, भरपूर खिडक्यांचा, आणि त्याला लागून चॅन्सल बुटकं, जुनाट, असं दिसते. रेक्टर म्हणजे कधीकधी लांबचा मठ असायचा, तो काय खर्च करते! बाहेरून छताची उंची पाहिली की त्या गावचा आणि रेक्टरचा हिशोब समजते.

मग दगड पाहा. जिथं जे निघते त्याचंच बांधलेलं असते कारण बैलगाडीनं दगड ओढणं महाग. कॉट्सवोल्डकडं मधाच्या रंगाचा चुनखडक, कॉर्नवॉलला ग्रॅनाइट, आणि नॉरफोक-सफोकला बांधकामाचा दगडच नाही म्हणून शेतातले गारगोटीचे काळे-पांढरे गोटे चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्या. गोट्यांनी कोपरा काटकोनात धरायला घडीव दगड लागते, तो विकत आणावा लागे, आणि नॉरफोकमधे गोल टॉवरची शंभराहून जास्त चर्च आहेत त्याचं एक कारण हेच सांगतात, कोपराच नको! मला हे लय पटलं, बजेट नसलं की इंजिनिअरचं डोकं असंच चालते.

आता टॉवरकडं या आणि टॉवरची पूर्वेची बाजू पाहा, जी नेव्हच्या छताला लागून आहे. पुष्कळ ठिकाणी तिथं भिंतीवर उलट्या व्ही सारखी दगडाची एक तिरपी रेघ उमटलेली दिसते, आत्ताच्या छतापेक्षा उंच आणि जास्त उताराची. ती जुन्या छताची खूण आहे. आधी उभ्या उताराचं छत होतं, पंधराव्या शतकाच्या सुमारास लोकांनी नेव्हच्या भिंती वर चढवल्या, वरती खिडक्यांची एक रांग काढली आणि शिशाच्या पत्र्याचं सपाट छत टाकलं, आणि टॉवरवर जुनी रेघ तशीच राहिली. हे एकदा दिसलं ना की पुढं प्रत्येक चर्चला तुमची मान आपोआप तिकडंच वळन.

दक्षिणेच्या भिंतीवर किंवा पोर्चच्या दाराजवळ दगडावर तळहाताएवढं ओरखडलेलं अर्धवर्तुळ शोधा, मधे भोक आणि त्यातून निघालेल्या रेघा. ते प्रार्थनेची वेळ पाहायचं सूर्यघड्याळ. भोकात काडी खोचायची, सावली रेघेवर आली की वेळ झाली. कधीकधी ते पोर्चच्या आत सावलीत सापडते, याचा अर्थ पोर्च नंतर बांधला. वर कड्याला तोंड वासलेले राक्षस दिसतात, त्यांच्या तोंडातून पागोळ्याचं पाणी लांब फेकलं जाते म्हणजे भिंत ओली होत नाही, ड्रेनेजच आहे ते.

आवारात कबरी असतात, तुडवत जाऊ नका. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं पुरली म्हणून पुष्कळ ठिकाणी जमीन वर आली आणि चर्च खड्ड्यात बसल्यासारखं वाटते. दक्षिणेला गर्दी आणि उत्तरेला कमी, कारण उत्तरेची सावलीची बाजू लोकांना नको होती. जुनं काळपट हिरवं यू नावाचं झाड असन, काही ठिकाणी ते चर्चपेक्षाही जुनं. त्याचा पाला जनावराला विषारी आहे, लहान नातू सोबत असन तर त्याला पानं आणि बिया तोंडात घालू देऊ नका.

खिडकीवरून काळ ओळखणं

हे शिकायला एक दुपार पुरते. थॉमस रिकमन नावाच्या माणसानं १८१७ मधे इंग्लंडच्या जुन्या बांधकामाचे प्रकार पाडून दिले, तेच अजून चालतात.

कमान अर्धगोल, खिडकी बारकी, भिंत जाड, आणि दाराच्या कमानीवर करवतीच्या दातासारखी नक्षी असली तर नॉर्मन, म्हणजे फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या काळातलं, १०६६ ते साधारण ११९०. खिडकी बाहेरून टीचभर आणि आतून फाकत गेलेली असते, उजेड पसरावा म्हणून. नॉर्मनांच्या आधीचं सॅक्सन काम थोडं आहे पण सापडलं तर मजा येते, कोपऱ्याचे दगड एक उभा लांब, एक आडवा आखूड, असे आळीपाळीनं लावलेले, किंवा भिंतीत जुन्या रोमन विटा ढापून वापरलेल्या. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ब्रिक्सवर्थला अशा विटांच्या कमानी आहेत.

मग कमानीला टोक आलं. उंच, अरुंद, टोकदार खिडक्या, बिना नक्षीच्या, एकेकट्या किंवा तीन-तीन शेजारी, ते अर्ली इंग्लिश, तेरावं शतक. त्याच्यानंतर मोठी खिडकी आणि तिच्या वरच्या भागात दगडाची वेलबुट्टी, पानाफुलासारखे वळण घेतलेले आकार, ते डेकोरेटेड, १३५० च्या आसपासपर्यंत. मग १३४८-४९ मधे काळ्या प्लेगची साथ आली आणि अंदाजे तिसरा हिस्सा ते अर्धी माणसं गेली, त्यात गवंडीही गेले. त्या वेळचं अर्धवट सोडलेलं काम अजून सापडते. हर्टफर्डशायरमधल्या ॲशवेलच्या चर्चमधे टॉवरच्या आतल्या भिंतीवर कोणीतरी लॅटिनमधे १३५० साल घालून कोरून ठेवलं आहे की जे उरले ते हालअपेष्टा भोगणारे उरले. टॉर्च तिरपी धरली की अक्षरं उठून दिसतात, समोरून धरली तर काहीच दिसत नाही. कोणत्याही चर्चमधे खांबांवर अशी तिरपी टॉर्च मारून पाहा, जहाजं, गवंड्यांच्या खुणा, गोल गोल चक्रं काय काय निघते.

त्याच्यानंतरची, म्हणजे साधारण १३५० ते १५४० ची पर्पेंडिक्युलर. उभ्या सरळ दगडी दांड्या तळापासून थेट वरपर्यंत, कमान दाबून चपटी केलेली, भिंत कमी आणि काच जास्त. ही पद्धत इंग्लंडचीच, युरोपात बाकी कुठं नाही. आणि हीच पद्धत लोकरीच्या पैशाची. सफोकमधलं लॅव्हनहॅम, लाँग मेलफर्ड, कॉट्सवोल्डमधलं नॉर्थलीच, आज ही गावं आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान पण चर्च पाहून छाती दडपते, कारण तेव्हा लोकर आणि कापडाचे व्यापारी तिथं गडगंज झाले होते आणि मेल्यावर आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून त्यांनी चर्चवर पैसा ओतला. खामगाव-अकोल्याच्या माणसाला कापसाच्या पैशानं काय काय उभं राहते हे सांगायची गरज नाही.

पण सावध राहा. खिडकीचं वय म्हणजे भिंतीचं वय नव्हे, जुन्या भिंतीला भोक पाडून नवी खिडकी बसवणं हे तिकडं सर्रास झालं. आणि दुसरं, १८४० ते १८८० च्या दरम्यान व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लोकांनी जवळजवळ सगळ्या चर्चची डागडुजी केली आणि जुन्या पद्धतीच्या हुबेहूब खिडक्या नव्यानं घडवल्या. त्या ओळखायच्या कशा? कडा पाहा, बोट फिरवा. सातशे वर्षं पाऊस खाल्लेली कड गोलसर होते, दगडावर बारीक खड्डे पडतात. कड धारदार असन, सगळे दगड एका मापाचे आणि दोन दगडातला सांधा सुरी जाणार नाही इतका बारीक असन तर ते एकोणिसाव्या शतकातलं समजा.

आतमधे

आत गेल्या गेल्या चालू लागू नका. दारातच एक मिनिट उभं राहा, डोळे अंधाराला सरावू द्या.

दाराजवळच दगडाचं मोठं कुंड दिसन, ते बाप्तिस्म्याचं. बाळ त्या समाजात आत येते म्हणून कुंडही दाराजवळ. पूर्ण चर्चमधली सगळ्यात जुनी वस्तू पुष्कळदा हीच असते, बाकी इमारत दोन-तीनदा बदलली तरी कुंड टाकून देत नसत. आता वाकून त्याचा काठ जवळून पाहा. समोरासमोर दोन जागी दगड फुटलेला किंवा वेगळ्या दगडाचं ठिगळ लावलेलं, कधी तुटक्या लोखंडाचा गंज. तेराव्या शतकात पाण्यावर झाकण घालून कुलूप लावायचा हुकूम होता, मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत म्हणून. ती कडी कोयंड्याची जागा आहे, आणि नंतर कोणीतरी ते उपटून काढलं तेव्हा काठ फुटला. सगळ्यात साधं, बिना नक्षीचं कुंड असलं तरी या दोन जखमा पाहायला मिळतात.

मग खांबांच्या रांगा पाहा, डावी आणि उजवी वेगळी आहे का? एकीकडं जाडजूड गोल खांब आणि अर्धगोल कमानी, दुसरीकडं अष्टकोनी खांब आणि टोकदार कमानी, असं असन तर गावाची वस्ती वाढली तशी आधी एका बाजूची भिंत फोडून पडवी वाढवली, मग शंभर वर्षांनी दुसरी. कमानीच्या वर जुन्या भिंतीतली एखादी बुजवलेली बारकी खिडकीही दिसू शकते, जी आता बाहेर न उघडता आतच उघडते.

मान वर करा, इथं दुर्बीण काढा. इंग्लंडातले सुतार गवंड्यापेक्षा वरचढ होते असं माझं मत झालं आहे. भिंतीतून पुढं आलेल्या तुळया, त्यांच्यावर उभे खांब, त्यांच्यावर कमान, याला हॅमरबीम म्हणतात, एवढा मोठा गाळा मधे आधार न देता ओकच्या लाकडात पार केलेला. केंब्रिजशायरमधल्या मार्च गावच्या चर्चमधे अशा छताला पंख पसरलेले शंभराहून जास्त लाकडी देवदूत आहेत.

आता नेव्ह आणि चॅन्सलच्या मधे या, सगळ्यात जास्त घडामोड इथं झाली. जुन्या काळी इथं लाकडाचा कोरीव पडदा असे, त्याच्या वर माळा, आणि माळ्यावर क्रूसावरच्या येशूची मोठी मूर्ती, तिला रूड म्हणत. मग राजा आठव्या हेन्रीनं १५३४ मधे पोपशी काडीमोड घेतला, त्याच्या पोराच्या राज्यात १५४७-४८ मधे मूर्तिपूजा नको म्हणून मूर्ती काढायचे हुकूम निघाले, आणि १५६१ मधे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या सरकारनं माळे उतरवायला लावले, खालचा पडदा राहू द्या म्हणून सांगितलं. म्हणून आज कमानीच्या बाजूच्या भिंतीत एक अरुंद दार, आत दगडाचा गोल जिना, आणि वरती आठ-दहा फुटावर दुसरं दार जे थेट हवेत उघडते, असं दिसते. माळा गेला, जिना राहिला. पडदा उरलेला असन तर त्याच्या खालच्या फळ्यांवर रंगवलेले संत असतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचे डोळे आणि तोंडं मुद्दाम खरवडलेली. एक लाट तेव्हाची आणि दुसरी १६४३-४४ ची, त्या वेळी विल्यम डाउजिंग नावाचा माणूस सफोक आणि केंब्रिजशायरमधे गावोगाव फिरून चित्रं, काचा, मूर्ती फोडायचा आणि काय काय फोडलं त्याची डायरी लिहायचा. सरकारी माणूस, मोजमाप पुस्तिका भरल्यासारखा!

याच कमानीच्या वर शेवटच्या न्यायाचं चित्र असायचं, एकीकडं स्वर्ग, एकीकडं नरक. चुना फासून झाकलेली ही चित्रं आता कुठं कुठं वर आली आहेत. सफोकमधल्या वेनहॅस्टनला १८९२ मधे दुरुस्ती करताना कमानीतल्या चुना मारलेल्या फळ्या काढून आवारात टाकल्या, रात्री पाऊस पडला, चुना धुवून गेला आणि सकाळी फळ्यांवर अख्खं चित्र. ते आजही तिथंच लावलेलं आहे. दाराच्या समोरच्या भिंतीवर खांद्यावर बाळ घेतलेला मोठा माणूस दिसला तर तो संत ख्रिस्तोफर, सकाळी त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अपमृत्यू येत नाही अशी समजूत होती, म्हणून दारातूनच दिसेल असा काढलेला.

चॅन्सलमधे दक्षिणेच्या भिंतीत एक कोनाडा आणि त्याच्यात दगडाची छोटी परात, तळाला भोक. पूजेची भांडी धुतलेलं पाणी तिच्यातून भिंतीत आणि तिथून मातीत जिरायचं. असाच कोनाडा एखाद्या आइलच्या भिंतीत सापडला तर तिथंही एक वेदी होती हे नक्की. शेजारी दगडी आसनं असतात, पाद्री लोकांसाठी. वेदीसमोरचा कठडा बहुधा १६३० नंतरचा, तिथला मुख्य धर्मगुरू आर्चबिशप लॉडच्या काळातला किंवा त्या पद्धतीचा, आणि त्याच्या दांड्या इतक्या जवळ जवळ का, तर कुत्री आत जाऊ नयेत. कठड्याच्या आत आपण जायचं नाही.

बाकी सामान भराभर सांगतो. पल्पिट १६०३ च्या नियमानं प्रत्येक चर्चला लागायचा, त्याच्या बाजूला लोखंडी कडं असन तर ते वाळूच्या घड्याळाचं, प्रवचन तासभर चाले. दारं असलेल्या खोक्यासारख्या बाकड्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या, घराण्यांनी भाडं भरून राखलेल्या, बाकी साध्या पिवळट लाकडाच्या बाकड्या व्हिक्टोरियन. टोकाला कोरलेली माकडं, जलपरी, कोल्हे असलेल्या बाकड्या मात्र पंधराव्या शतकातल्या असू शकतात, हात लावून पाहा, गुळगुळीत झालेल्या असतात. पेटी दिसन लोखंडी पट्ट्यांची, दोन-तीन कुलपांची. १५३८ मधे आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलनं बाप्तिस्मा-लग्न-दफनाचं रजिस्टर ठेवायचा हुकूम काढला, ते त्या पेटीत, आणि चाव्या वेगवेगळ्या माणसांकडं म्हणजे एकट्यानं उघडता येऊ नये. भिंतीवर सिंह आणि एकशिंगी घोड्याचं राजचिन्ह असते, १६६० मधे मोडलेली राजेशाही परत आल्यावर ते लावणं सक्तीचं झालं. त्यात फ्रान्सची लिलीची फुलं असली तर ते १८०१ च्या आधीचं, त्या साली ती काढून टाकली.

जुन्या काचा फार थोड्या वाचल्या. मध्ययुगीन काच जाड, छोटे छोटे तुकडे, रंग खोल, आणि पुष्कळदा एका खिडकीत डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं, फुटलेलं जमवून बसवलेलं. पूर्ण संच पाहायचा असन तर ग्लॉस्टरशायरमधलं फेअरफर्ड, २८ खिडक्या.

कबरींवर झोपलेले दगडी सरदार असतात. पाय एकमेकांवर असले की तो धर्मयुद्धाला गेला होता असं तिथलेही लोक सांगतात, त्यात काही तथ्य नाही, ती त्या काळच्या कारागिरांची पद्धत होती. जमिनीत बसवलेले पितळी पत्रे पाहा, नॉर्थलीचला लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पत्र्यांवर त्यांच्या पायाखाली मेंढी आणि लोकरीचं पोतं कोरलेलं आहे, म्हणजे धंदा लपवला नाही. पत्र्यावर सतरंजी टाकलेली असन तर हळू उचला, वटवाघळाच्या लेंड्यांपासून वाचवायला टाकलेली असते. तिकडं वटवाघळाला कायद्याचं संरक्षण आहे, हाकलता येत नाही.

आणि भिंतीवरचे संगमरवरी फलक न चुकता वाचा. हिंदुस्थानात मेलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांचे, सैनिकांचे फलक गावोगावच्या चर्चमधे आहेत. स्पेलिंग विचित्र असते म्हणून पटकन लक्षात येत नाही. आर्गॉम म्हणजे आपलं अकोला जिल्ह्यातलं अडगाव, २९ नोव्हेंबर १८०३ ची लढाई. गाविलघर म्हणजे चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, त्याच वर्षी १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतला. सीताबल्डी १८१७ तर सांगायलाच नको. ही नावं कोणत्या फलकावर दिसली तर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, आणि तिथं फुलं लावणारी एखादी आजीबाई भेटली तर तिला सांगा की हे गाव आमच्याकडचं, ती चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.

टॉवरखाली दोर लोंबताना दिसतात, पकडायच्या जागी लोकरीचं जाड रंगीत वेष्टण. हात लावू नका हं, ही घंटा झुलत नाही, पूर्ण उलटी फिरते, आणि दोर माणसाला वर ओढून नेऊ शकते. आठवड्यातून एका संध्याकाळी सराव असते, तेव्हा जाऊन विचारलं तर वर नेऊन दाखवतात.

आणि व्हिक्टोरियनांना फार शिव्या घालू नका. त्यांनी आतला जुना गिलावा खरवडून दगड उघडे केले, चित्रंही त्यात गेली, त्याच्याविरुद्ध विल्यम मॉरिस नावाच्या कवी-कारागिरानं १८७७ मधे जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली ते बरोबरच होतं. पण गळकी छतं आणि खचलेले पाये त्यांनीच धरले, नाहीतर पाहायला उरलंच नसतं. ठेकेदाराचं बिल निघालं म्हणजे काम वाईटच झालं असं नसते.

पहिलं कोणतं पाहायचं

जायच्या आधी नागपूरला गेलात तर सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल एकदा पाहून घ्या, टोकदार कमानी, नेव्ह, चॅन्सल कशाला म्हणतात ते तिथंच कळते. तिकडं पोरगा मिल्टन कीन्सला असन तर ब्रिक्सवर्थ आणि अर्ल्स बार्टनचा सॅक्सन टॉवर, गाडीनं एका दिवसात दोन्ही होतात. स्विंडनला असन तर फेअरफर्ड आणि नॉर्थलीच. केंब्रिजकडं मार्च आणि लॅव्हनहॅम. लंडनला असन तर एसेक्समधलं ग्रीनस्टेड, अख्खे ओकचे बुंधे उभे चिरून शेजारी शेजारी लावून केलेली भिंत, लाकडं अकराव्या शतकातली. ट्यूबनं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेनं, एपिंगपर्यंत जायचं, पुढं ओंगरला बस नाही तर टॅक्सी, आणि तिथून शेतातून पायी. रविवारी बस कमी असतात, म्हणून मंगळवार-बुधवार धरा, आणि पोराला सांगा परतीच्या बसची वेळ मोबाइलमधे टाकून दे म्हणून.